निळी रेषा लांब आहे, पण ओढा मागच्या भिंतीला लागून आहे

घर घेताना लोक आता पूररेषेबद्दल विचारू लागले आहेत, हे फार चांगलं झालं. पण त्यातून एक नवी अडचण उभी राहिली आहे. ‘आपली इमारत पूररेषेच्या बाहेर आहे’ एवढं कळलं की पुराचा विषय तिथेच मिटतो आणि विम्याचं नावही कुणी काढत नाही. माझं म्हणणं असं की ज्यांचं घर पूररेषेच्या बाहेर आहे त्यांनीच हा विषय आधी हातात घ्यावा. नदीकाठचा माणूस निदान पावसाळ्यात सावध तरी असतो, कोल्हापुरात असेल तर पंचगंगेची पातळी तासातासाला विचारतो, सामान माळ्यावर चढवतो. रेषेबाहेरच्या घरात फ्रिज, इन्व्हर्टर आणि कागदपत्रांचं कपाट, सगळं जमिनीलगत ठेवून माणसं निवांत झोपलेली असतात.

पूररेषा म्हणजे नक्की काय ते आधी समजून घेऊ. आपल्याकडे जलसंपदा विभाग या रेषा आखतो. निळी रेषा ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र आणि निळ्या ते लाल रेषेपर्यंत नियंत्रित क्षेत्र. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द फसवे आहेत. एकदा पूर येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षं सुटका, असा त्यांचा अर्थ नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच. हिशेब करून बघा. लाल रेषेवरच्या घरात वीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता सुमारे १८ टक्के, तीस वर्षांत २६ टक्के. निळ्या रेषेवर तीस वर्षांत ती ७० टक्क्यांच्या वर जाते. रेषेच्या चार हात पलीकडे हा धोका अचानक शून्य होत नाही. रेषा कागदावर असते आणि पाणी उताराने जातं.

आणि रेषा ज्या मोजमापांवर आखल्या तीही बदलतात. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, त्याहूनही वर.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. या रेषा आखल्या जातात त्या मुख्यतः नदीसाठी. ओढे, नाले, तलावांचे सांडवे आणि रस्त्याखालची पावसाळी गटारं यांच्या काठाने बहुतेक ठिकाणी अशी रेषाच नसते. आणि शहरातलं पाणी घरात शिरतं ते बऱ्याचदा याच वाटांनी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला. कात्रजच्या डोंगरातून निघून अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल असा मुठेला मिळणारा हा ओढा पेशवाईतच पर्वतीच्या तळ्यासाठी अडवला-वळवला गेलेला. त्या रात्री काही तासांच्या पावसात सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या, गाड्या एकावर एक चढल्या आणि पुणे शहर-जिल्ह्यात मिळून वीसहून जास्त माणसं गेली. त्यातली कितीतरी घरं नदीपासून इतकी लांब होती की ‘पूर’ हा शब्द तिथे कुणाच्या डोक्यातही नव्हता. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात मध्यरात्रीनंतर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीलगतच्या नीट आखलेल्या, सुखवस्तू वसाहतींत पहाटेपर्यंत तळमजले बुडाले. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, पुढे ५० मिलिमीटरचं उद्दिष्ट ठरलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पावसाला कुठल्या रेषेच्या आत काय आणि बाहेर काय!

आपलं घर कुठल्या वाटेवर आहे हे बघायला तज्ज्ञ लागत नाही. पहिली गोष्ट, तळमजल्याची जोतं-पातळी आणि समोरचा रस्ता यांतला फरक टेप लावून मोजा. रस्त्यावर दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता नवा डांबराचा किंवा काँक्रीटचा थर चढतो. त्यामुळे बांधताना दोन फूट उंच असलेलं जोतं आज रस्त्याच्या बरोबरीला आलेलं असतं, कधी खालीही गेलेलं असतं. दुसरी, गावाचा जुना नकाशा काढून बघा, त्यात ओढ्याची रेघ कुठून जाते ते दिसतं. आज तिथे पाईप टाकून वर रस्ता केला असला तरी पाणी त्याच खोलगट भागाकडे येणार. तिसरी, जवळ कुठे नाला पुलाखालून किंवा रस्त्याखालच्या मोरीतून जातो का बघा. मोरी प्लास्टिक आणि फांद्यांनी तुंबली की ती धरणासारखी वागते आणि मागची गल्ली भरते. आणि चौथी, तळघरात किंवा रस्त्याच्या पातळीखाली उतारावर पार्किंग असेल तर धोका आहेच, पुढे काही तपासायची गरज नाही.

आता विमा. पुराचा वेगळा विमा कुठे मिळतो, असं बरेच जण विचारतात. आपल्याकडे तो वेगळा घ्यावाच लागत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी आणली. आगीचा विमा देणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावीच लागते आणि तिच्या मूळ अटी सगळीकडे सारख्या आहेत. आग, वीज, भूकंप, वादळ, दरड, जमीन खचणं यांच्याबरोबर पूर आणि पाणी तुंबून होणारं नुकसान तिच्यात मुळातच धरलेलं आहे. पाण्याची टाकी किंवा पाईप फुटून, भरून वाहून झालेलं नुकसानही आहे. एक कलम फारसं कुणाला माहीत नसतं. अशा घटनेमुळे घर उघडं पडलं आणि सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तीही भरपाईत येते. पूर आल्यावर माणसं नातेवाइकांकडे जातात आणि मागे मोडक्या दारातून उरलंसुरलं जातं, तेव्हा या कलमाचं मोल कळतं.

विमा रक्कम ठरवताना सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून इथे जरा थांबू. घराचा बाजारभाव लिहायचा नाही. जमीन वाहून जात नाही, त्यामुळे तिचा विमा नसतो. लिहायचा तो पुन्हा बांधायचा खर्च: कार्पेट क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले आजचा बांधकामाचा दर. समजा फ्लॅट ६५० चौरस फुटांचा आहे, म्हणजे साधारण ६०.४ चौरस मीटर. तुमच्या भागात बांधकामाचा दर चौरस फुटाला २,५०० रुपये धरला तर ६५० गुणिले २,५०० म्हणजे विमा रक्कम होते सव्वासोळा लाख. मग तो फ्लॅट बाजारात सत्तर लाखांना जात असला तरी फरक पडत नाही. कंपाउंड भिंत, गॅरेज, पाण्याची टाकी, छतावरचे सोलर पॅनल यांचा खर्च वेगळा मोजून त्यात मिळवायचा. तो लिहिला नाही तर नंतर मिळत नाही, आणि ओढ्याच्या पुरात पहिली जाते ती कंपाउंड भिंत. हप्ता ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. वीस-तीस लाख बांधकाम किमतीच्या घराचा वर्षाचा हप्ता साधारणपणे चार आकडी असतो, तोही खालच्या टोकाचा. दुचाकीच्या पूर्ण विम्याशी तुलना करून बघा.

घरातल्या सामानाला, इमारतीचा विमा घेतला की, वेगळं काही न सांगता इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत. वरच्या उदाहरणात ते सव्वातीन लाख झालं. तेवढं पुरेल का? कागद घेऊन खोलीखोलीत फिरा आणि आज नवं घ्यायला लागलं तर किती, असे आकडे लिहा. सव्वातीन लाख फार लवकर संपतात. कमी पडत असेल तर सामानाची यादी देऊन रक्कम वाढवून घेता येते. दागिने आणि मौल्यवान वस्तू यात येत नाहीत, त्यांचं कलम वेगळं निवडावं लागतं. रोख रक्कम आणि वाहनं धरलेली नाहीत. भाड्याने राहणाऱ्यांना फक्त सामानाचा विमा घेता येतो, आणि तळमजल्यावर भाड्याने राहत असाल तर तो घ्याच. मालकाची पॉलिसी तुमच्या फ्रिजचे पैसे देणार नाही.

या पॉलिसीतली मला सगळ्यात जास्त आवडणारी अट म्हणजे अंडर-इन्शुरन्सची माफी. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत घराची खरी किंमत वीस लाख आणि विमा दहा लाखांचा असेल तर दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख मिळायचे, कारण प्रमाण निम्मं. इथे ते कापत नाहीत, विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण नुकसान धरतात. शिवाय दीर्घ मुदतीची, दहा वर्षांपर्यंतची पॉलिसी घेता येते आणि विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. ढिगारा उचलायचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते. घर राहण्याजोगं उरलं नाही तर पर्यायी जागेच्या भाड्याचीही तरतूद आहे.

काय येत नाही तेही स्पष्ट सांगतो. गच्चीतून वर्षानुवर्षं झिरपणारी गळती, भिंतीची ओल, पोपडे, शेवाळ हे पुराचं नुकसान नाही. ते देखभालीचं काम आहे आणि नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर ते वेगळं काढतोच. मॉड्युलर किचन, भिंतीत बसवलेली कपाटं यांना ‘इमारत’ म्हणायचं की ‘सामान’ यावर वाद होतो, म्हणून विकत घेतानाच ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. आणि विमा घेतानाच्या अर्जावर, म्हणजे प्रपोजल फॉर्मवर, ‘यापूर्वी पाणी शिरलं होतं का’ असा प्रश्न असेल तर खरं लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण खोटं उत्तर दाव्याच्या वेळी सापडलं तर सगळंच जातं.

‘आमच्याकडे आहे विमा, बँकेने काढलाय’ असं म्हणणाऱ्यांनी आज रात्रीच ती फाईल उघडावी. गृहकर्जाबरोबर दिलेली पॉलिसी अनेकदा आयुर्विम्याची असते. कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फिटावं म्हणून ती असते, पाण्याशी तिचा संबंध नाही. घराचीच असली तरी ती फक्त इमारतीची आहे का, सामान धरलंय का, किती वर्षांची होती आणि संपली तर नाही ना, हे बघा. सोसायटीने इमारतीचा विमा काढला असेल तर सचिवांकडून पॉलिसीची प्रत मागा. सोसायट्या आग आणि भूकंप एवढंच बघून हप्ता कमी करतात, आणि पूर-वादळाचं कलम वगळलेलं असलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्यांनाही हा विषय लांबचा नाही. लिफ्टचा खड्डा, पंप, जमिनीखालची टाकी, मीटर रूम, जनरेटर सगळं खालीच असतं आणि दुरुस्तीची वर्गणी सगळ्यांना सारखी येते.

गाडीचं संरक्षण गाडीच्याच विम्यात, तेही फक्त थर्ड पार्टी असेल तर शून्य. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघायचा मोह आवरा. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन संरक्षणाचं वाढीव कलम नसेल तर कंपनी ते पुराचं नुकसान न मानता तुमची चूक मानते. गाडी ढकलून किंवा टो करून न्या.

सरकारी मदतीवर किती विसंबायचं? आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये होते, कपड्यांसाठी कुटुंबाला अडीच हजार आणि भांड्यांसाठी अडीच हजार. ही मदत तातडीच्या निभावणीसाठी असते आणि तशी ती हवीच. त्यात घर पुन्हा उभं राहत नाही.

विमा केव्हा घ्यायचा? एप्रिल-मेमध्ये. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हा विमा कायद्याचाच नियम आहे. धरणातून विसर्ग सुरू झाल्यावर पॉलिसी काढायला धावणाऱ्याला कंपनी बऱ्याचदा नकार देते, आणि सुरू झालेल्या नुकसानीला तर नंतरची कुठलीच पॉलिसी लागू होत नाही.

इथे अमेरिकेतल्या मराठी घरमालकांसाठी एक गोष्ट, कारण तिकडे नेमकं उलट आहे आणि भारतातली सवय तिथे महागात पडते. तिथल्या नेहमीच्या घरविम्यात पूर वगळलेला असतो. तो वेगळा घ्यावा लागतो, बहुधा एनएफआयपी या सरकारी योजनेतून: इमारतीला अडीच लाख डॉलरपर्यंत, सामानाला एक लाखापर्यंत, आणि साधारणपणे तीस दिवस थांबल्यावर लागू. बँक तो सक्तीचा करते मुख्यतः ए किंवा व्ही, म्हणजे पूरनकाशावरच्या जास्त धोक्याच्या झोनमधल्या घरांना. एक्स, म्हणजे कमी धोक्याचा झोन म्हटलं की लोक सोडून देतात. पण ही योजना चालवणाऱ्या फेमा या सरकारी संस्थेच्याच आकड्यांनुसार २०१४ ते २०१८ मध्ये ४० टक्क्यांहून जास्त दावे जास्त धोक्याच्या झोनबाहेरचे होते. न्यू जर्सीत २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पावसाने बेसमेंट भरले. बेसमेंटमधल्या सोफा-गालिचाला मात्र एनएफआयपी भरपाई देत नाही आणि सांडपाणी उलटं येण्याचं कलम घरविम्यात वेगळं जोडावं लागतं.

आता घरात एक फूट पाणी आलं तर काय होतं ते जवळून बघू, कारण दावा इथेच जिंकला किंवा हरला जातो. एक फूट म्हणजे साधारण पोटरीपर्यंत, गुडघ्याच्या खाली. एवढ्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर बुडतो, वॉशिंग मशीनची मोटर बुडते, इन्व्हर्टरची बॅटरी बुडते. पार्टिकल बोर्डच्या ट्रॉल्या आणि पलंगाचे कप्पे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे फुगतात आणि वाळल्यावरही मूळ आकाराला येत नाहीत. चांगल्या वॉटरप्रूफ प्लायचं कपाट धुऊन-वाळवून वाचू शकतं. खालच्या सॉकेटच्या डब्यात आणि तिथून जाणाऱ्या पाईपांत पाणी साचून राहतं. भिंत बाहेरून चार दिवसांत वाळते, आत ओल टिकते आणि तीन आठवड्यांनी एमसीबी पडायला लागतो. तोवर सर्व्हेअर ‘वायरिंग ठीक’ लिहून गेलेला असतो. म्हणून पाणी ओसरल्यावर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून वायरिंगची तपासणी करून घ्या आणि त्याचा सहीचा कागद सर्व्हेअरला द्या.

घरात परत जाताना आधी मेन स्विच बंद आहे याची खात्री करा, तोही कोरड्या जागी उभं राहून. मग काही हलवायच्या आधी फोटो. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिला मोजपट्टी लावून प्रत्येक खोलीत एक फोटो काढा. हा दाव्यातला सगळ्यात बोलका पुरावा आहे आणि पहिल्या झाडलोटीतच तो पुसला जातो. प्रत्येक उपकरणाच्या मॉडेल-क्रमांकाच्या पट्टीचा फोटो घ्या. कंपनीला त्याच दिवशी फोनवर कळवून तक्रार क्रमांक घ्या, लगेच ईमेलही पाठवा. दाव्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो. सर्व्हेअर येईपर्यंत खराब सामान टाकू नका. पण चिखलात भिजलेल्या गाद्या घरात ठेवणंही धोक्याचं, म्हणून महापालिकेची गाडी कचरा न्यायला आली तर सामान रचून फोटो-व्हिडिओ काढा, ‘आरोग्याच्या कारणाने टाकत आहोत’ असा ईमेल कंपनीला करा आणि मग टाका. गादीचा एक तुकडा, ट्रॉलीची एक फळी नमुना म्हणून ठेवा. तलाठ्याचा किंवा पालिकेचा पंचनामा झाला तर त्याची प्रत घ्या आणि त्यातली पाण्याची उंची तुमच्या फोटोंशी जुळते का ते तिथेच तपासा. पंचनाम्यात घाईने ‘एक फूट’ लिहिलं आणि तुम्ही तीन फूट सांगितलंत की दावा तिथेच अडतो.

बिलं सापडत नाहीत ही प्रत्येक घराची रड. त्यावर उपाय मे महिन्यातला आहे: फोन हातात घेऊन दहा मिनिटांचा व्हिडिओ, प्रत्येक कपाट उघडून, प्रत्येक उपकरणाची पट्टी दाखवत, आणि तो फोनवर न ठेवता स्वतःलाच ईमेल करून ठेवायचा. ऑनलाइन खरेदीची बिलं जुन्या ईमेलमध्ये असतात, ती एका फोल्डरमध्ये ओढून घ्या.

दावा कमी मंजूर झाला तर कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करा, सोबत सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. ती मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि कपात कुठल्या ओळीत झाली हे त्यातच दिसतं. आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, एवढं मात्र सांभाळा.